डिझेल नावाचा माणूस

डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मेकॅनिकलवाल्यांनी कृपया हात वर करू नयेत, त्यांना दोन मार्कांसाठी ते पाठच करावं लागतं. पण बाकीच्यांचं काय? हॉस्टेलचे लाईट गेले की मेसच्या मागे जे धडधडायला लागतं ते डिझेल इंजिन. शेतातल्या पंपापासून समुद्रातल्या मोठमोठ्या मालवाहू जहाजांपर्यंत सगळीकडे तेच. पेट्रोल पंपावर तर आपण हे नाव दिवसातून शंभर वेळा ऐकतो. इतकं वापरून गुळगुळीत झालंय ते, की त्याच्यामागे चष्मा लावणारा, नीटनेटका कोट घालणारा, डोकेदुखीने हैराण झालेला एक हाडामांसाचा माणूस होता हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत एवढं मोठं काही पहिल्यांदाच लिहितेय. मध्ये मध्ये इंग्रजी शब्द येतील, पण ते आपल्या लेक्चर्समध्येही येतातच की! तर मित्रांनो, ही गोष्ट रुडॉल्फ डिझेलची.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे आणि तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम लहानग्या रुडॉल्फकडे असायचं. पैसे बेताचेच. पॅरिसमध्ये यंत्रांचं एक मोठं जुनं म्युझियम आहे. तिथे हा मुलगा तासन् तास घालवायचा. आपण त्या वयात कार्टून बघत होतो, असो.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना बाहेर काढण्यात आलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाल होते, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग गावी नातेवाइकांकडे धाडलं. ते गृहस्थ गणित शिकवायचे. मुलगा परक्या घरी, परक्या गावात राहिला आणि तिथल्या टेक्निकल शाळेत पहिला येऊ लागला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. (आपल्याकडे हे बहुधा आईवडील मुलाला कळवतात.)

या शाळेत एक गंमतशीर उपकरण होतं. काचेची नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि तळाशी चटकन पेटणारा थोडासा कापूस किंवा भुसा. दट्ट्या झटक्यात आत ढकलला की आतली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तो कापूस आपोआप पेटतो. काडी नाही, ठिणगी नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं ना, तोच प्रकार, फक्त जास्त जोरात. हे उपकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्कॉलरशिप मिळवून डिझेल म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडं, म्हणजे रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात ज्यांचं नाव येतं तेच. १८७८ च्या सुमारास त्यांच्या थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरमध्ये एक आकडा आला. वाफेचं चांगलं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी फक्त ६ ते १० टक्क्यांचंच काम करून देतं, बाकीची वाया जाते. वर्गातल्या इतरांनीही तो आकडा उतरवून घेतला असणार. पण डिझेलला तो चैन पडू देईना. शंभर पोती कोळसा जाळायचा आणि त्यातली नव्वदहून जास्त धुरात घालवायची? यापेक्षा बरं इंजिन बनवायचं, असं त्याने वहीच्या कडेला लिहून ठेवलं. तेव्हा त्याचं वय साधारण आपल्याएवढंच, वीस.

१८७९ मध्ये फायनल परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतचे महिने त्याने घरी बसून न काढता स्वित्झर्लंडमधल्या झुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात कामगारासारखं काम करून काढले. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाला.

मग नोकरी लागली ती लिंडं यांच्याच बर्फाच्या यंत्रांच्या धंद्यात, पुन्हा पॅरिसला. उष्णतेच्या मागे लागलेला माणूस दहा वर्षं बर्फ बनवत होता! १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा नोकरी, रात्री स्वतःचं इंजिन. आधी वाफेऐवजी अमोनिया वापरून इंजिन चालवायचा प्रयत्न केला, त्यात बरीच वर्षं गेली आणि हाती फारसं लागलं नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला आला, आणि तोपर्यंत डोक्यातली कल्पना बदलली होती.

नवीन कल्पना अशी. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची. ती इतकी दाबायची की शाळेतल्या त्या नळीसारखी ती भयंकर तापेल. मग त्या तापलेल्या हवेत इंधन थोडंथोडं सोडायचं, ते आपोआप पेटेल. स्पार्क प्लग नको, बाहेरची ज्योत नको. आणि हवा जितकी जास्त दाबू तितकं इंधनातून जास्त काम निघेल. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं आणि त्याच वर्षी त्याने आपल्या थिअरीचं पुस्तकही छापलं.

आता खरी गंमत. ती थिअरी जशीच्या तशी चालणारी नव्हती! डिझेलला कार्नो सायकल प्रत्यक्षात आणायची होती. त्यासाठी पुस्तकात त्याने २५० ॲटमॉस्फिअर इतका प्रचंड दाब धरला होता आणि जळताना तापमान वाढूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. असं इंजिन बनलं असतं तरी त्याची बहुतेक ताकद स्वतःचीच हवा दाबण्यात खर्च झाली असती. हे हळूहळू त्याच्याही लक्षात आलं आणि त्याने दाब खूप खाली आणला. आपण जी डिझेल सायकल शिकतो, कॉन्स्टंट प्रेशरला उष्णता देणारी, ती या दुरुस्तीतून आलेली आहे. पेटंटमधली कल्पना वेगळी आणि चालणारं इंजिन वेगळं, ही गोष्ट पुढे त्याच्या चांगलीच अंगाशी आली.

ऑग्सबर्गचा मशीन कारखाना (पुढे जो एम.ए.एन. झाला) आणि क्रुप कंपनी यांनी पैसा आणि जागा दिली. १८९३ च्या उन्हाळ्यात पहिलं इंजिन उभं राहिलं. थिअरीप्रमाणे गरज नाही म्हणून त्याला पाण्याचं कूलिंगच नव्हतं. सुरुवातीला पिस्टन दाब धरेना. कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा टाकून इंजिन बाहेरून फिरवायचं आणि मग इंधन सोडायचं, अशी पद्धत होती. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्यांदा इंधन आत गेलं आणि असा धमाका झाला की दाब मोजणाऱ्या इंडिकेटरचे तुकडे उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्याजवळून उडाले. दाब ८० ॲटमॉस्फिअरच्या वर गेला होता. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पण डिझेल खूश होता, कारण इंधन पेटलं होतं. ठिणगीशिवाय!

मग इंजिन उघडलं, बदललं, पुन्हा जोडलं. १७ फेब्रुवारी १८९४ ला पट्ट्याने फिरत असताना अचानक पट्ट्याची ओढ उलटी झाली. म्हणजे आता कारखाना इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिन कारखान्याच्या शाफ्टला ओढत होतं. ८८ आरपीएमने ते जेमतेम एक मिनिट चाललं. तिथल्या मिस्त्रीच्या ते सर्वात आधी लक्षात आलं आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असं सांगतात.

हे सगळं मला नुसतं वाचून समजलं असतं असं वाटत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हर्णैला मामाकडे होते. मामाची एक जुनी होडी दोन हंगाम किनाऱ्यावर पडून होती आणि तिचं हाताने हँडल मारून सुरू करायचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन जाम झालं होतं. बंदरावरचे एक म्हातारे मिस्त्री ते चालू करायला आले. फ्लायव्हील तसूभर हलेना. त्यांनी दोन्ही नोझल काढले, वरून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि चक्क घरी निघून गेले! दुसऱ्या दिवशी पहारीने फ्लायव्हील पुढे-मागे, पुढे-मागे करत तासाभरात ते मोकळं केलं. चिकटलेल्या रिंगा रात्रभर भिजल्या होत्या.

मग टाकीच्या तळाचं पाणी काढलं, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला. त्यानंतर फिल्टरवरचा आणि पंपावरचा स्क्रू ढिला करून हाताने डिझेल पंप करत राहायचं, जोपर्यंत बुडबुडे यायचे थांबत नाहीत तोपर्यंत. हे काम माझ्याकडे होतं. पाइपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. नोझल बाहेरच पाइपला जोडून फवारा बघितला. एक नोझल धुक्यासारखं उडवत होतं, दुसऱ्यातून नळासारखी धार पडत होती. धार पेटत नाही, धुकं पेटतं. (फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही, तो कातडीतून आत घुसतो, हे मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं.) दुसरं नोझल साफ करून, घासून बसवलं. होडी जमिनीवर होती, म्हणून कूलिंगचा पाइप समुद्राच्या पाण्याच्या पिंपात सोडला. डीकॉम्प्रेशनचा लीव्हर उचलून मामाने हँडल मारलं. लीव्हर उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. वेग आला की लीव्हर सोडायचा. दोनदा नुसताच पांढरा धूर. तिसऱ्यांदा एक ठोका, मग दुसरा, आणि मग सगळी होडी थरथरायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. दाब धरणारा पिस्टन, हवा न शिरलेलं इंधन आणि धुक्यासारखा फवारा. मिस्त्री दोन दिवस या तीन गोष्टींच्या मागे होते आणि डिझेल याच तीन गोष्टींच्या मागे चार वर्षं होता. फरक एवढाच की मिस्त्रींना माहीत होतं की हे इंजिन पूर्वी चाललेलं आहे. डिझेलला तेवढीसुद्धा खात्री नव्हती.

त्याचा सगळ्यात मोठा त्रास फवाऱ्याचाच होता. त्या काळी एवढ्या दाबाने मोजून-मापून इंधन सोडणारा पंप बनवता येत नव्हता. शेवटी त्याने वेगळ्या कॉम्प्रेसरने दाबलेली हवा वापरून इंधन आत उडवायची सोय केली. कॉम्प्रेसरमुळे इंजिन अवजड झालं, पण चाललं. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्रोफेसर मोरित्झ श्रोटर यांनी त्याची अधिकृत टेस्ट घेतली. एक सिलिंडर, बोअर २५ सेंटीमीटर, स्ट्रोक ४० सेंटीमीटर, ताकद २० हॉर्सपॉवरच्या आसपास. एफिशियन्सी आली २६.२ टक्के. वहीच्या कडेला लिहिलेल्या त्या ओळीला जवळजवळ वीस वर्षं झाली होती.

त्यानंतर पैसा धो-धो आला. अमेरिकेतले बिअरवाले ॲडॉल्फस बुश यांनी तिकडच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. इतर देशांतल्या कंपन्याही रांगेत उभ्या राहिल्या. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथे एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आलं. आज आपण बायोडिझेलवर सेमिनार देतो आणि काहीतरी नवीन सांगतोय असं आपल्याला वाटतं!

पण टेस्टमध्ये चालणं वेगळं आणि गिऱ्हाइकाकडे रोज चालणं वेगळं. पहिलं इंजिन विकलं गेलं ते केम्प्टनच्या काडेपेटीच्या कारखान्याला. तिथे ते वारंवार बंद पडलं. ऑग्सबर्गला डिझेलच्या नावाने काढलेला कारखानाही नीट चालला नाही. वर कोर्टाची भांडणं. इतर संशोधक म्हणू लागले की कल्पना मुळात आमची, आणि काही प्रोफेसर म्हणू लागले की पेटंटमध्ये लिहिलेलं इंजिन याने बनवलंच नाही. १८९८ मध्येच त्याची तब्येत ढासळली आणि काही महिने आराम करायला सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं. दुसरीकडे म्युनिकला भलामोठा बंगला बांधला आणि जमिनी, तेलाच्या विहिरी यांत पैसा गुंतवला. यंत्राची गळती बरोब्बर शोधणाऱ्या या माणसाला स्वतःच्या खिशाची गळती मात्र कधीच सापडली नाही.

इंजिन मात्र त्याच्या मालकापेक्षा नशीबवान निघालं. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये कालव्यातल्या एका बोटीवर आणि रशियात व्होल्गा नदीच्या वांदाल या तेलवाहू जहाजावर डिझेल इंजिन बसलं. अडचण अशी होती की हे इंजिन उलटं फिरत नसे, आणि बोट मागे घेता आली नाही तर धक्क्याला लावणार कशी? वांदालवर म्हणून इंजिनाने डायनामो फिरवायचा आणि पंखा विजेच्या मोटरने, अशी युक्ती केली. लवकरच उलटी फिरणारी डिझेल इंजिनंही आली. आमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेला त्या फ्राम जहाजावर डिझेल इंजिन होतं. आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये कोपनहेगनच्या कारखान्यात बनलेलं सेलांडिया हे मोठं जहाज पूर्णपणे डिझेलवर थेट बँकॉकच्या प्रवासाला निघालं. त्याला धुराचं मोठं नळकांडंच नव्हतं. वाटेत लंडनला ते बघायला विन्स्टन चर्चिल स्वतः आले होते. कोळसा भरणारे मजूर नाहीत, बॉयलर नाही. वाफेच्या जहाजांचे दिवस भरले, हे जाणत्यांना कळून चुकलं.

२९ सप्टेंबर १९१३. डिझेल पंचावन्न वर्षांचा होता. इंग्लंडमध्ये इंजिनाचा नवीन कारखाना निघत होता, त्या कामासाठी तो दोन सहकाऱ्यांबरोबर अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसला. ही बोट वाफेवर चालणारी होती! तिघं जेवले, डेकवर फिरले आणि रात्री दहाच्या सुमारास आपापल्या केबिनकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामी. बिछाना जसाच्या तसा. त्याची टोपी आणि ओव्हरकोट डेकवर कठड्याजवळ सापडले.

दहाबारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा समुद्रात सोडलं. गोळ्यांची डबी, पाकीट, चष्म्याचं घर अशा त्या वस्तू धाकट्या मुलाने, ऑयगेनने, ओळखल्या. नंतर हिशेब बघितले तर घर कर्जात पूर्ण बुडालेलं निघालं. निघण्यापूर्वी त्याने बायकोकडे एक बॅग दिली होती आणि ती लगेच उघडू नकोस असं सांगितलं होतं. तिच्यात रोख पैसे होते. जर्मन हेरांनी मारलं, तेलकंपन्यांनी मारलं, अशा गोष्टी आजही इंटरनेटवर भरपूर सापडतात. पुरावा कशाचाच नाही. बहुतेक अभ्यासक आत्महत्याच मानतात.

वर्षभरात महायुद्ध सुरू झालं आणि त्याची इंजिनं पाणबुड्यांमध्ये बसून जहाजं बुडवू लागली. १९२७ मध्ये बॉश कंपनीचा इंजेक्शन पंप बाजारात आला, तो अवजड कॉम्प्रेसर गेला आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये मावू लागलं. जपानच्या यानमार कंपनीचे मागोकिची यामाओका यांनी लहान डिझेल इंजिनं बनवली आणि कृतज्ञता म्हणून १९५७ मध्ये ऑग्सबर्गला डिझेलचं स्मारक उभारलं. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज गावोगावी पोचला. आज जहाजांवरच्या मोठ्या डिझेल इंजिनांची एफिशियन्सी ५० टक्क्यांपर्यंत पोचली आहे. त्याचबरोबर डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड्स फुप्फुसांना किती घातक आहेत हेही आज आपल्याला माहीत आहे, आणि त्यावर उपाय शोधण्याचं काम आपल्याच पिढीकडे आलं आहे.

मग डिझेल इंजिन कुणाचं? कल्पनेचे तुकडे दुसऱ्यांकडेही होते हे खरं. त्याची पहिली थिअरी चुकली हेही खरं. पण माझं मत विचाराल तर, चुकलेली थिअरी घेऊन जो चार वर्षं त्या यंत्रापाशी उभा राहिला, प्रत्येक वेळी ते उघडून पुन्हा जोडत राहिला आणि आकडा पटला नाही तर स्वतःचं पुस्तक बाजूला ठेवून आकड्याचं ऐकत राहिला, ते इंजिन त्याचंच. वाईट एवढंच वाटतं की यंत्र बंद पडलं तर चारचौघांना हाक मारणारा हा माणूस स्वतः बंद पडत होता तेव्हा कुणालाच हाक मारू शकला नाही. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आपण सगळ्यांनी यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच लक्षात ठेवावं. शेजारच्या खोलीतला एखादा टॉपर चार दिवस जेवायला आला नसेल, तर दार वाजवून बघायला काही थर्मोडायनॅमिक्स लागत नाही.